माझं काही चालत नाही

आमचं घर धाब्याचं होतं. गिरणाकाठच्या आमच्या गावात तेव्हा बहुतेक घरं तशीच होती. मातीच्या जाड भिंती, वर सपाट धाबं, आणि दाराला बाहेरून लोखंडी कडी. ही कडी मी सात-आठ वर्षांचा असताना वाचायला शिकलो, म्हणजे कानाने. बाबा कापसाच्या जिनिंगवरून नीट आले असले की कडी दोनदा वाजायची, ठरलेली. पिऊन आले असले की हाताला कडी सापडायची नाही. आधी तळहात दारावर घासल्याचा आवाज, मग जरा थांबा, मग कडी. त्या थांब्यात आई चुलीपुढची भांडी कोपऱ्यात सरकवायची आणि हळूच म्हणायची, "चूप बठा, बाबा उना." धाकटी बहीण गोधडीत तोंड खुपसायची. मी डोळे मिटून संथ श्वास घेत पडायचो. झोपेचं सोंग मला उत्तम जमायचं.

या गोष्टीला पस्तीसेक वर्षं होऊन गेली. बाबा गेले, धाबंही गेलं, तिथे आता स्लॅब आहे. मी शाळेत मास्तर आहे, वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. पण काही वर्षांपूर्वी एका बैठकीत वरचे साहेब रागावले. बोलण्याआधी त्यांनी टेबलावर तळहात घासला आणि क्षणभर थांबले. पुढचं मला नीट आठवत नाही. हातात पटसंख्येचा तक्ता होता, सगळे आकडे तोंडपाठ होते, आणि तोंडातून शब्द फुटेना. जीभ टाळ्याला चिकटली. बाहेर आल्यावर सोबतचे सर म्हणाले, "तुम्ही का हो गप्प बसलात? चूक तर आपली नव्हतीच." मला काही सांगता आलं नाही. सात वर्षांचा मुलगा त्या खुर्चीत बसला होता, हे माझ्या लक्षात यायला अजून दोन वर्षं जायची होती.

यासाठी हल्ली सगळे 'ट्रॉमा' म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ जखम. म्हणून तर अपघाताच्या दवाखान्यालाही ट्रॉमा सेंटर म्हणतात. पण आपल्याकडे याला जुना आणि माझ्या मते जास्त नेमका शब्द आहे: धसका. जखम होते, धसका घेतला जातो. घटना बाहेर घडते, धसका आत बसतो. एकाच घरातल्या दोन भावांपैकी एकाने तो घेतलेला असतो आणि दुसऱ्याने नाही, यात कुणी खोटं बोलत नसतं. वय वेगळं असतं, स्वभाव वेगळा असतो, एकाला जवळ घेणारी आजी असते आणि दुसरा तेव्हा मामाकडे असतो. आणि भाषेने हेही कधीच ओळखून ठेवलं आहे की धसका अंगात बसतो. पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, घशाला कोरड पडते, छातीत धडकी भरते. यातलं एकही डोक्यात घडत नाही. मेंदूचे डॉक्टर आज जे सांगतात, ते आजीच्या तोंडी होतंच.

आता ते काय सांगतात ते बघू. रात्री ज्वारी राखायला माळ्यावर बसणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. एका रात्री रानडुकरांचा कळप आला आणि अर्धं शेत लोळवून गेला. त्यानंतर तो राखणदार पान हललं तरी गोफण फिरवतो. वारा असो, कुत्रं असो, शेजारचा पाणी भरायला निघालेला असो, आधी गोफण, मग चौकशी. त्याला वेडा म्हणून चालणार नाही, एकदा त्याचं शेत गेलेलं आहे. आपल्या मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग आहे, अमिग्डाला. त्याचं काम राखणदाराचं. धोका दिसला की तो विचार करणाऱ्या भागाची परवानगी मागत बसत नाही. थेट आरोळी ठोकतो, अड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात सुटतात, छाती धडधडते, पचन थांबतं, स्नायू ताठ होतात. साप दिसला तर हेच हवं असतं. पण ज्या पोराच्या घरी साप रोज संध्याकाळी दार वाजवून येतो, त्याचा राखणदार माळ्यावरून कधी उतरतच नाही. मूल मोठं होतं, नोकरीला लागतं, लग्न करतं. राखणदार तिथेच, हातात गोफण.

दुसरा भाग हिप्पोकॅम्पस. याला मी गावच्या तलाठ्याची उपमा देतो. घटना घडली की त्यावर तारीख टाकायची, गट नंबर टाकायचा, कुठे-कधी-कुणाबरोबर हे दप्तरात नोंदवायचं हे त्याचं काम. त्यामुळेच जुनी गोष्ट आठवली की ती जुनी आहे हे आपल्याला कळतं. पण भीती अतोनात असली की या तलाठ्याची लेखणी अडखळते. नोंद होते, तीत वास असतो, आवाज असतो, पोटातला गोळा असतो, फक्त तारीख नसते. आणि तारीख नसलेली नोंद वर आली की ती आजचीच वाटते. त्या बैठकीत मला बाबा आठवले नव्हते हे लक्षात घ्या. आठवले असते तर बरं झालं असतं. आठवण आलीच नाही, फक्त जीभ टाळ्याला चिकटली.

राखणदाराने आरोळी ठोकली की शरीर चारपैकी एक वाट धरतं. लढायचं किंवा पळायचं, या दोन सगळ्यांना माहीत आहेत. पण सहा वर्षांचं पोर बापाशी लढणार कसं आणि पळून जाणार कुठे? मग उरतात दोन. तिसरी थिजून जाण्याची: हालचाल बंद, आवाज बंद, काही वेळा अंगावर काय होतंय याची जाणीवही बंद. माझं झोपेचं सोंग याच्याच जवळचं. चौथीबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, कारण तिचं आपण कौतुक करतो. ती म्हणजे मर्जी राखणं. समोरच्याचा चेहरा बघून आपला चेहरा ठरवायचा. मागायचं नाही, नाही म्हणायचं नाही, आईला त्रास द्यायचा नाही, पाहुण्यांसमोर हसायचं. अशा पोरीला गावभर 'किती शहाणी पोर' म्हणतात. पुढे ती सासरी, शाळेत, ऑफिसात सगळ्यांचं सगळं करते आणि तिला स्वतःला काय हवंय असं विचारलं तर खरोखर उत्तर सापडत नाही. वर्गातला दंगा करणारा मुलगा मला मास्तर म्हणून दिसतो. ही पोर दिसायला मला दहा वर्षं लागली, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

धसका म्हणजे फक्त मारहाण असंही नाही. काही न झाल्याचाही धसका असतो: कुणी जवळ घेतलं नाही, विचारलं नाही, बाजूला उभं राहिलं नाही. आमच्या भागातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला टोळ्या जातात आणि उन्हाळ्यात परततात. मागे आजीकडे राहिलेल्या पोराला कुणी मारलेलं नसतं. आजी जीव लावते. तरीही तीन-चार वर्षांच्या पोराच्या हिशेबी आई एका पहाटे ट्रकमध्ये बसून गेली आणि रडूनही थांबली नाही. आईबापाची चूक काय? पोट. पण चूक कुणाची हा प्रश्न वेगळा आणि पोराने काय शिकलं हा वेगळा. पोर शिकलं: रडलो तरी काही फरक पडत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या विषयातला सगळ्यात गाजलेला अभ्यास एका वजन कमी करण्याच्या दवाखान्यातून सुरू झाला. अमेरिकेत सॅन दिएगो इथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करायचे. त्यांना कोडं पडलं की उपचार लागू पडत असलेले, वजन झरझर उतरत असलेले लोकच मध्ये सोडून जातात. विचारपूस केली तेव्हा कळलं की यातल्या बऱ्याच जणांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाले होते. वजन त्यांच्या दृष्टीने रोग नव्हता, चिलखत होतं. यातूनच फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १९९५ ते १९९७ या काळात १७ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष, आईला होणारी मारझोड, घरातली दारू, मानसिक आजार, तुरुंगवास, आईबाप वेगळे होणं, असे मिळून दहा प्रकार. जवळपास दोन तृतीयांश लोकांनी निदान एकाला हो म्हटलं. साधारण आठात एकाने चार किंवा त्याहून जास्त प्रकारांना. १९९८ मध्ये पहिले निष्कर्ष छापून आले. चार किंवा जास्त प्रकार सोसलेल्यांत दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट होता. हृदयरोग, कर्करोग यांचाही संबंध दिसला. आणि हे काही वस्तीतले उपाशी लोक नव्हते. बहुतेक मध्यमवर्गीय, शिकलेले, आरोग्य विमा असलेले.

इथे एक सावधगिरी. मोबाइलवर ही दहा प्रश्नांची चाचणी फिरत असते, लोक आपला आकडा काढतात आणि घाबरून बसतात. 'माझे सहा आले, मी संपलो.' असं नाही. तो आकडा लोकसंख्येचा अभ्यास करण्यासाठी होता, एका माणसाचं भविष्य सांगण्यासाठी नव्हे; हे खुद्द अँडा यांनीच २०२० मध्ये लिहून सांगितलं आहे. शिवाय त्या यादीत आपल्याकडची कितीतरी दुखणी नाहीतच. पाणवठ्यावर ऐकलेली जात नाही, दुष्काळ नाही, शाळेतली छडी नाही, चौदाव्या वर्षी ठरवलेलं लग्न नाही. आपल्या केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला होता. दर तीनपैकी दोन मुलांनी मारहाण झाल्याचं सांगितलं. निम्म्याहून अधिक मुलांनी, ५३.२२ टक्के, कोणत्या ना कोणत्या लैंगिक अत्याचाराला हो म्हटलं. आणि घरात मार खाणाऱ्यांना मारणारे बहुतेक वेळा आईबापच होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मारायला आणि मानसिक छळाला बंदी केली आहे, हे आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत असतं. 'पण आम्हीही मार खाऊनच शिकलो' हेही तिथेच ऐकायला मिळतं.

आता ते वाक्य: रडलो तरी काही फरक पडत नाही.

१९६७ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. प्रयोग निर्दय होता, आज असा करू देणार नाहीत. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले, पण डोक्याने एक पाटी दाबली की झटका बंद व्हायचा. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके, तेवढाच वेळ, पण त्यांनी काहीही केलं तरी काही उपयोग नाही. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे मधला बुटका आडोसा ओलांडला की सुटका. पहिल्या गटातले कुत्रे टुणकन उडी मारून गेले. दुसऱ्या गटातले बरेचसे तिथेच बसले, कण्हत. उडी मारता येत नव्हती असं नाही. उडी मारून काही होतं, यावरचा विश्वास गेला होता. याला शास्त्रज्ञांनी 'शिकलेली हतबलता' म्हटलं. दोन्ही गटांचा त्रास सारखाच होता हे पुन्हा वाचा. फरक वेदनेचा नव्हता. आपलं चालतं की नाही, याचा होता.

मराठीत हेही किती साधं बोललं जातं. 'घरात माझं काही चालत नाही.' 'त्याचं पंचायतीत चालतं.' या 'चालणं'त सगळं आलं. स्वतःची ताकद परत मिळवा वगैरे मोठं बोलणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. छाती पुढे काढा, आरशात बघून स्वतःला वाघ म्हणा. मला त्याचा उपयोग झाला नाही. ज्याचं लहानपणी काही चाललं नाही, त्याला आपलं थोडं तरी चालतंय याचा पुरावा लागतो. घोषणेने तो मिळत नाही.

या प्रयोगाचा उत्तरार्ध मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो कमी सांगितला जातो. दोन गोष्टी आहेत. त्या बसून राहिलेल्या कुत्र्यांना समजावून, खाऊ दाखवून काही झालं नाही. शेवटी गळ्यात दोरी घालून त्यांना ओढत आडोशापलीकडे नेलं. एकदा-दोनदा नाही, कित्येकदा. हळूहळू दोरी सैल पडत गेली आणि ते आपले आपण जाऊ लागले. म्हणजे आधी पाय शिकले, मग मन. दुसरी गोष्ट: जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी लिहिलं की आपण तेव्हा उलटं समजलो होतो. मेंदूतले मार्ग तपासल्यावर दिसलं की हतबलता शिकावी लागतच नाही. लांबत गेलेल्या त्रासापुढे हातपाय गाळून बसणं ही मेंदूची मूळची सवय. शिकावं लागतं ते उलटं: माझ्या करण्याने फरक पडतो, हे. हे ओळखायचं काम कपाळामागच्या मेंदूचं, आणि त्याने एकदा ओळखलं की तो आतल्या त्या जुन्या सवयीला आवरतो.

माझ्यासाठी याचा अर्थ असा की मी त्या बैठकीत मोडलेला नव्हतो. एक धडा माझ्याकडून व्हायचा राहिला होता. राहिलेला धडा चाळिशीतही करता येतो, एवढं मास्तर म्हणून मला माहीत आहे.

धडा नीट होतो तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी सोबतीने. हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांना एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत पाहिलं. यातली साधारण एक तृतीयांश मुलं गरिबी, घरातली भांडणं, दारू, मानसिक आजार अशा अनेक धोक्यांत वाढलेली. त्यांच्यापैकीही सुमारे एक तृतीयांश मुलं नीट, माया करणारी, आपल्या पायांवर उभी असलेली माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात वारंवार एक गोष्ट दिसली: निदान एक भरवशाचं मोठं माणूस. आईबापच हवेत असं नाही. आजी, मावशी, शेजारी, शिक्षक कुणीही. खान्देशच्या माणसाला याचं उदाहरण शोधायला हवाईला जायची गरज नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळायचे. मुलांच्या पसरलेल्या खोल्या झाडायचे, अंथरुणं आवरायचे, कपडे धुवायचे. घर सोडून आलेल्या पोराला संध्याकाळी आपली गादी कुणीतरी नीट घालून ठेवलेली दिसत असेल, तेव्हा त्याच्या राखणदाराला काय वाटत असेल, याचा मी बरेचदा विचार करतो.

आता एक जवळचं उदाहरण, तपशील थोडे बदलून. आमच्या तालुक्यात एक कृषी केंद्रवाले आहेत, बियाणं, खतं, फवारणीची औषधं विकतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. दुकान चांगलं चालायचं आणि तरीही अण्णा कर्जात. कारण उधारी. कपाशीच्या हंगामात माल उधार न्यायचा आणि वेचणी झाली की पैसे द्यायचे ही आमच्याकडची रीत. पण कुणी दिले नाहीत तर मागायचे ना? अण्णांना मागता येत नव्हतं. समोरून उधारीवाला मोटारसायकलवर जाताना दिसला की हेच आत गोदामात जायचे. बायको चिडायची, भाऊ भोळा म्हणायचा. मला म्हणाले, "मास्तर, तोंडच उघडस नही."

चार-पाच वेळा बसलो तेव्हा निघालं. आई लहानपणीच गेली, अण्णा काकांकडे वाढले. जेवताना दुसरी भाकरी मागितली की काका ती हातात धरून विचारायचे, "सतरा नव्वे?" उत्तर आलं तर भाकरी, चुकलं तर टोपल्यात परत आणि घरभर हसू. पाढा चुकला म्हणून नव्हे, मागितलं म्हणून हसतात, एवढंच त्या पोराने घेतलं. मागायचं थांबवलं. पुढे चाळीस वर्षं. सतरा नव्वे त्यांना आजही येत नाही. दुकानात कॅल्क्युलेटर आहे.

उधारीपासून सुरुवात केलीच नाही. पहिलं मागणं चहाच्या टपरीवर: "साखर कमी टाक." एवढंच. तुम्हाला हसू येईल, पण अण्णांना त्या दिवशी घाम फुटला. मग बसमध्ये कंडक्टरकडे राहिलेले दोन रुपये. मग घरी, "मला अजून एक भाकरी दे." यावर ते बराच वेळ अडकले. मागताना अंगात काय होतं हेही बघायला लागले: आधी कानशिलं तापतात, मग आवाज बारीक होतो. असं झालं की तळपाय जमिनीवर घट्ट दाबायचे, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. यात मंत्र-तंत्र काही नाही. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मुळातच थोडे मंदावतात. व्हेगस नावाची लांबच लांब नस तो निरोप पोचवते. राखणदाराला शब्दांनी समजावता येत नाही, अंगाकडून आलेला निरोप मात्र तो ऐकतो. मग डोळ्यांसमोरच्या चार वस्तूंची नावं मनात घ्यायची: वजनकाटा, युरियाची गोणी, कॅलेंडर, पंखा. तलाठ्याला तारीख दाखवायची ती अशी. आज अमुक साल, मी दुकानात, काका नाहीत.

लिहिण्याचाही काहींना उपयोग होतो. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं. लिहिल्यावर लगेच ते जास्त उदास झाले, पण पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. मी स्वतः लिहिलं आहे आणि मला फायदा झाला. तरी अत्याचार मोठा असेल, रात्री झोपेतून किंचाळून उठणं होत असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर हे एकट्याने वहीत उकरू नका. विहिरीतला गाळ काढतानासुद्धा वर दोर धरायला माणूस लागतो.

तो माणूस म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशक. यात जादू नाही, पद्धती आहेत. धसक्यावर केंद्रित वर्तन-विचार उपचारात भीतीची गोष्ट थोडी थोडी, सुरक्षित खोलीत, परत परत बोलली जाते. 'माझ्यामुळेच झालं' अशा समजुती तपासल्या जातात. ईएमडीआर नावाची दुसरी पद्धत १९८७ पासून आकाराला आली. तीत आठवण मनात धरून डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे असतात. ती नेमकी का लागू पडते यावर तज्ज्ञांत वाद आहेत, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या दोन्ही उपचारांची शिफारस केली आहे. मोठ्या आघातानंतरच्या आजाराला वैद्यकशास्त्राने १९८० मध्ये अधिकृत नाव दिलं. वर्षानुवर्षं सोसलेल्या धसक्याचं वेगळं निदान तर २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं. आपल्या आईआजीच्या पिढीला डॉक्टरांकडूनही शब्द मिळाले नाहीत, कारण ते डॉक्टरांकडेही नव्हते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे केसपेपर काढून मनोविकार विभागाची ओपीडी विचारा. जाणं जमत नसेल तर १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे. सरकारचा, मोफत, चोवीस तास, मराठीतही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. मूल आज, आत्ता त्रासात असेल तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही न कळवणं हाच २०१२ च्या पोक्सो कायद्याने गुन्हा आहे, मग ते काका असोत, मास्तर असोत की महाराज. आमच्याकडे आधी मीठ-मिरच्या ओवाळतात, भगताकडे नेतात. ओवाळणाऱ्या आजीचा हात पाठीवरून फिरतो, तो नक्कीच लागू पडतो. पण भगत चटके देत असेल, उपास घडवत असेल, तर तो दुसरा धसका.

राहिला आईबापाचा प्रश्न. हे सगळं वाचून अनेकांना वाटतं की आता त्यांना दोषी ठरवायचं. काहींना नेमकी त्याचीच भीती वाटते आणि ते विषयच बंद करतात: 'गेलेल्यांबद्दल काय बोलायचं?' मी दोन्ही करून पाहिलं आहे. बाबांची चार एकर कोरडवाहू, वर्षाआड गेलेला पाऊस, जिनिंगमधला धुरळा आणि हमाली हे मला आज समजतं. ते समजलं म्हणून आईच्या अंगावरचे वळ लहान होत नाहीत. एका वाक्यात दोन्ही गोष्टी बसवायला गेलं की कुणावर तरी अन्याय होतो, म्हणून मी दोन वाक्यं करतो. माफ केल्याशिवाय बरं होता येत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. माफी आली तर येऊ द्यावी, नाही आली तर दार लावून झोपावं.

बहिणीशी मी या विषयावर पहिल्यांदा बोललो तो मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. ती माहेरी आली होती, लिंबाला झोका बांधला होता, पोरं झुलत होती. मी कडीचं बोललो. ती म्हणाली, "तुला वाटायचं तू झोपेचं सोंग करतोस ते मला कळत नाही? तुझा श्वास मोजत मी झोपायचे." मला हे माहीतच नव्हतं. माझं काही चालत नाही असं मानून जे मी करायचो, त्यावर शेजारच्या गोधडीत एक पोर झोपी जात होती.

अण्णांनी उधारी पहिल्यांदा मागितली ती एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे, पाचशे रुपये. तो म्हणाला, "हाओ अण्णा, इसरीच गऊ," आणि खिशातून काढून दिले. त्या रात्री अण्णांना झोप लागली नाही. दुसऱ्याने शिव्या दिल्या; तरी तिसऱ्याकडे गेले, याचं मला जास्त वाटलं. मग एक मोठा उधारीवाला, बारा हजारांचा. त्याच्याकडून दोन हप्त्यांत साडेचार आले. परवा दुकानात गेलो तर वहीत त्याच्या नावापुढे साडेसात हजार बाकी होते, लाल शाईने.

"बाजारना दिन मागसू, मास्तर," अण्णा म्हणाले आणि चहा सांगायला पोऱ्याला हाक मारली. साखर कमी.